उंबरा बघितल्याशिवाय पाय नाही

कुबड्यांवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात नारळ देऊ नये. एवढी साधी गोष्ट लोकांना कळत नाही. जखमी जवान गावी आला की सत्कार ठरलेलाच. त्याला व्यासपीठावर उभं करायचं, अंगावर शाल टाकायची. ती घसरू नये म्हणून तो खांदा उचलून धरतो, तोवर एका हातात नारळ, दुसऱ्या हातात गुच्छ, आणि समोरून फोटोवाला ओरडतो, "इकडं बघा साहेब, जरा हसा!" त्या बिचाऱ्यानं कुबडी धरायची कशानं, दातानं? मी पहिल्या रांगेत असले तर सरळ उठते आणि त्याच्या हातातला नारळ काढून घेते. बाईला नारळाचा फार सोस आहे, असं परभणीतल्या दोन-तीन मंडळांचं ठाम मत आहे. असू द्या.

मी पाय बनवते. म्हणजे बनवत होते. उमेदीची सगळी वर्षं फौजेच्या एका मोठ्या कृत्रिम अवयव केंद्रात काढली. गणवेशातली नव्हे हो, नागरी कर्मचारी. तिथं सगळे मला 'मॅडमजी' म्हणायचे. निवृत्त होऊन परभणीला आले आणि घरामागच्या पत्र्याच्या खोलीत दुरुस्त्या करायला बसले, तेव्हापासून मी 'पायवाल्या बाई' झाले. रिक्षावाल्याला पत्ता सांगावा लागत नाही, हा मला मिळालेला सगळ्यात मोठा पुरस्कार.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पाय म्हणजे बुटासारखंच काहीतरी असणार. माप घेतलं, केला, घातला, चालू लागला. तसं नसतं. पाय कापल्यावर जो भाग उरतो त्याला आम्ही स्टंप म्हणतो. त्यावर प्लास्टर गुंडाळून साचा घ्यायचा आणि साच्यावरून प्लास्टिकची वाटी करायची. त्या वाटीत स्टंप बसतो, वाटीखाली नळी, नळीखाली रबराचं पाऊल, आणि पाऊल जिथं नळीला जोडलं जातं तिथं चार स्क्रू. या चार स्क्रूंमध्ये आमची सगळी विद्या. एक स्क्रू किंचित जास्त फिरला तर चांगला धडधाकट गडी दारू प्यायल्यासारखा चालतो. आणि सगळं जमलं असं वाटेस्तोवर स्टंप वाळून बारीक होतो, वाटी सैल पडते, की पुन्हा पहिल्यापासून. शिवाय जो पाय नाही तो दुखतो. हे खोटं वाटेल, पण नसलेल्या अंगठ्याला खाज सुटून हैराण झालेले पैलवान मी पाहिलेत. अशा वेळी दोन पायांच्या मध्ये आरसा उभा धरायचा. आरशात शाबूत पायाचं प्रतिबिंब दिसतं, मेंदूला वाटतं दुसराही जागेवर आहे, आणि बऱ्याच जणांचं दुखणं निवतं.

पण माझा खरा हट्ट वेगळाच होता. उंबरा बघितल्याशिवाय पाय द्यायचा नाही. केंद्रात जवान सगळ्या देशातून यायचे, प्रत्येकाच्या घरी कशी जाणार? म्हणून मी त्यांना घराचं चित्र काढायला सांगायची. पायऱ्या किती उंच, संडास कसला, जेवायला खाली बसता की टेबलावर, शेतातली माती कसली. तरुण डॉक्टर हसायचे. हसेनात का. ज्यानं आपली काळी माती पाहिली नाही, त्याला काय सांगायचं? पावसाळ्यात ती रबराच्या पावलाला अशी धरते की माणूस पुढं जातो आणि पाय मागं चिखलात उभा राहतो.

आता मात्र माझी चैन आहे. माणसं जिंतूर, झरी, वालूर अशा जवळपासच्या गावांची असतात. एसटीत बसायचं आणि उंबरा बघून यायचा.

वालूरचे एक म्हातारे हवालदार माझं आवडतं गिऱ्हाईक. त्यांचं पाऊल सारखं तुटायचं. शेतात जात नाहीत, डोंगर चढत नाहीत, मग तुटतं कसं? खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "आता तुमच्यापशी काय झाकायचं बाई. सेलूच्या स्टँडवर लय गर्दी असती. लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतेत. रुमाल काय, कुनीबी उचलून फेकतंय. मी पाय काढतो आन् टाकतो खिडकीतून. हाय का कुनाची टाप उचलायची!"

त्यांना मी खूप रागावले आणि घरी आल्यावर खूप हसले. पुढच्या खेपेला पाऊल बदलताना खालून जाड रबर लावून दिलं. माणूस सुधारणार नसेल तर पाय तरी सुधारावा.

सगळेच असे नव्हते. पाय घेऊन गेलेले आणि महिन्याभरात तो माळ्यावर टाकून कायमचे कुबड्यांवर गेलेलेही पुष्कळ. दवाखान्यात आम्ही माणसाला उभं करतो, टाळ्या वाजवतो आणि गाडीत बसवून देतो. घरी गेल्यावर त्याचं काय बिनसलं हे बघायला कुणी जात नाही. याची खंत मला नोकरीभर होती आणि अजून आहे. म्हणूनच मिलिंदची हकिकत सांगायला मला आवडतं.

एके दिवशी दुपारी झरीच्या पंचफुलाबाई माझ्या दारात आल्या. साठीच्या आतबाहेरच्या, उन्हानं रापलेल्या. नवरा लवकर गेलेला, मजुरी करून एकुलत्या एका मुलाला वाढवलेला. तो मुलगा म्हणजे मिलिंद. सीमेवर गस्त घालताना सुरुंगावर पाय पडून त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. दवाखाना, ऑपरेशनं, नवा पाय, सगळं उरकून तो नुकताच रजेवर गावी आला होता.

"जय भीम, बाई. तुमी पायाच्या बाई ना? माजं पोरगं घरात येईना."

"रुसलंय का?"

"रुसाया काय झालं? रस्त्यानं झ्याक चालतंय. चौकात जातंय, हाटेलात बसतंय. पर घराचा उंबरा आला की थांबलंच. अंगणात बाज टाकून बसतंय, तिथंच जेवतंय, तिथंच झोपतंय. आत ये मनलं की मनतंय, गरम व्हायलंय."

"बायको?"

पंचफुलाबाईंनी पदर तोंडाला लावला. मिलिंद दवाखान्यात असतानाच त्याच्या बायकोला, सारिकाला, मुलगी झाली होती. आल्यापासून त्यानं त्या लेकराला जवळ घेतलं नव्हतं. पाळणा आतल्या खोलीत आणि बाप अंगणात. सारिकानं आपल्या परीनं अर्थ लावला होता: पोरगी झाली म्हणून नवऱ्याचं मन फिरलं.

"ऐतवारी तिचा बाप न्यायला यायलाय. लय मानी पोर हाय, बाई. एकदा गेली की ती परतायची न्हाई. माजी नात जाईल, सून जाईल, आन् ह्यो बसंल बाजेवर. तेला कायतरी सांगा. फौजेतल्या मानसाचं ऐकंल."

खरं तर हे माझं काम नव्हे. नवराबायकोच्या भानगडीत पायवालीनं कशाला पडावं? पण रस्त्यावर चालतो आणि उंबऱ्यावर थांबतो, हे माझ्या डोक्यातून जाईना. रविवारी सकाळीच मी झरीला उतरले.

घर दोन खोल्यांचं, पक्कं. पुढं ओटा, ओट्याखाली चपलांची रांग, अंगणात पत्र्याच्या सावलीत बाज. बाजेवर मिलिंद. दाढी केलेली, कपडे कडक, पायात फौजी बूट असे चमकत होते की त्यात तोंड बघावं. मला बघून ताडकन उठला. उठणं बघूनच कळलं, पाय उत्तम आहे.

मी त्याला रस्त्यावर चालायला लावलं. सुरेख चाल. पाय काढून स्टंप पाहिला. ना जखम, ना सूज, ना लाली. ज्या कुणी तो पाय केला होता त्याचं मनात कौतुक केलं. पाय बरोबर, माणूस बरोबर, मग अडतंय कुठं?

पंचफुलाबाईंना चहा करायला आत पाठवलं आणि बाजेवर त्याच्याशेजारी बसले. आत सारिका सामान भरत होती. कपाटाचं दार उघडल्या-मिटल्याचा आवाज येत होता. तो आवाज त्यालाही ऐकू येत होता.

"मिलिंद, मी पुष्कळ पाय पाहिलेत आणि त्यांच्यावरची माणसंही. काय असेल ते सांगून टाक."

तो बुटांकडे बघू लागला. मग हळूच म्हणाला, "मॅडम, हसू नका. घर मला मागं ढकलायलंय."

"म्हणजे?"

"आलो त्या दिवशी आईनं ओवाळलं. बूट काढले, आत पाऊल टाकलं, आन् कुनीतरी छातीला हात लावून मागं लोटल्यावानी झालं. भिंत धरली. मनलं, प्रवासाची दगदग. दुसऱ्या दिवशी आई वावरात, सारिका न्हानीत. छकुली रडायली मनून उचलाया गेलो. उचलली, सरळ झालो, आन् तसाच मागं गेलो. पाठ भिंतीवर आपटली मनून उभा ऱ्हायलो. न्हाईतर..." त्यानं उंबऱ्याकडे पाहिलं. "ती माझ्या हातात व्हती, मॅडम. तिला पाळण्यात ठिवली आन् बाहीर आलो. तवापासून आत न्हाई."

"कुणाला सांगितलंस?"

"काय सांगू? दवाखान्यात मनले व्हते, स्फोटानंतर कुनाकुनाच्या डोक्यात बिघाड हुतो. चौकात मला काई हुत न्हाई, रस्त्यावर न्हाई. फकस्त घरात. मंजे डोकंच गेलं ना माझं? तसल्या मानसानं लेकरापशी जाऊ नये. सारिका जायली तर जाऊ द्या. तिकडं पोर नीट तरी ऱ्हाईल."

सुरुंगातून वाचलेला, डोंगरावर पहारे केलेला हा मुलगा स्वतःच्याच घराला भीत होता. आणि तेवढ्यात माझी नजर त्याच्या नजरेमागोमाग खाली गेली, त्या चकचकीत बुटांवर. मग मला हसू फुटलं. हसायचं नव्हतं, पण आवरेना.

त्याचा चेहरा लाल झाला. "मनलं व्हतं हसू नका."

"रागावू नकोस. बूट काढ."

"आँ?"

"बूट काढ दोन्ही. आणि इथंच अंगणात उभा राहा. माझा खांदा धर."

त्यानं बूट काढले, उभा राहिला आणि मागं झुकला. माझ्या खांद्यात त्याची बोटं रुतली.

"ढकललं?"

"ढकललं."

"कुणी? घर तर तिकडं आहे."

मी ओट्याखालच्या एका तुटक्या चपलेचा तुकडा घेतला आणि त्याच्या रबरी पावलाच्या टाचेखाली सरकवला. "आता?"

तो उभा. सरळ. खांदा सोडून उभा. त्यानं एकदा टाचेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

गोष्ट अगदी साधी आहे. कृत्रिम पाय लावताना तो ठरावीक बुटावर लावतात. बुटाला जेवढी टाच, तेवढा हिशेब त्या चार स्क्रूंमध्ये धरलेला असतो. आपल्या हाडामांसाच्या पायाला घोटा आहे, तो टाच वर असो की खाली, आपोआप जुळवून घेतो. रबराच्या पावलाला ती अक्कल नसते. बूट काढला की टाच खाली जाते, नळी मागं कलते आणि वरचा माणूसही तिच्याबरोबर मागं जातो. दवाखान्यात दिवसभर बूट पायात, झोपताना पायच काढून ठेवायचा, त्यामुळे तिथं हे लक्षात येत नाही. लक्षात येतं ते घरी. कारण आपण चपला दाराबाहेर काढणारी माणसं. पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, तिथं बूट घालून जायची कल्पनाही पंचफुलाबाईंच्या मुलाला सुचणार नाही.

"तुला विचारलं नव्हतं, कुठल्या बुटावर लावायचा?"

"विचारलं व्हतं. मीच मनलं, फौजी बूट. गावात सत्कार हाय, वर्दीत चालायचंय."

"आणि घरात कसं वागायचं ते सांगितलं नाही?"

"सांगितलं असंल." आता तो कसनुसा हसला. "माझं ध्यान कुठं व्हतं? मी पुन्हा उभा ऱ्हायलो ह्याच खुशीत व्हतो." मग एकदम गंभीर होऊन त्यानं विचारलं, "मंजे डोकं ठीक हाय माझं?"

"डोक्याचं मला काय ठाऊक बाबा! टाच चुकली आहे, एवढं मी सांगू शकते."

तो हसला, आणि हसता हसता बाजेवर बसून ओंजळीत तोंड घालून रडू लागला. चांगला जोरात. मी त्याला रडू दिलं. नंतर हेही सांगितलं, की झोप लागत नसेल, दचकायला होत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ते दुखणं निराळं आणि हे निराळं.

केंद्रात फोन लावला. मी ज्यांच्याबरोबर काम केलं त्यांतली एक जण आता तिथं प्रमुख आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाली, "मॅडम, अनवाणी पायावर लावून द्या. पुढच्या तपासणीला आला की मी बघते." माझ्या पर्समध्ये स्क्रू फिरवायची किल्ली कायम असते. इतर बायका पावडर ठेवतात.

"एक मात्र आहे," मी किल्ली काढत म्हणाले. "पाय घरासाठी लावला की हे बूट चालणार नाहीत. तोंडावर पडशील. एक तर सपाट बूट घ्यायचे, नाहीतर चांभाराकडून याची टाच कापून आणायची."

फौजी माणसाला बुटाची टाच काप म्हणणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. त्यानं बूट उचलून मांडीवर घेतले, एकदा बाहीनं पुसले आणि बाजूला ठेवले. "कापू," म्हणाला.

मी स्क्रू फिरवत असतानाच दाराशी जीप थांबली. सारिकाचे वडील. धोतर, पांढरी टोपी, चेहरा असा की नमस्कार करायलाही धीर होईना. ते ओट्यावर बसले. पंचफुलाबाईंनी पाणी दिलं, ते त्यांनी शेजारी ठेवून दिलं. मी आपली फिरवते आहे, त्याला उभा करते आहे, बसवते आहे, पुन्हा फिरवते आहे. घाई झाली म्हणून स्क्रू लवकर जुळत नाही.

शेवटी तो उठला. अंगणात एक चक्कर मारली. अनवाणी. सासऱ्यांसमोरून गेला, ओटा चढला आणि उंबऱ्याशी थांबला. चौकटीला एक हात लावला. मी त्याच्या मागंच होते, कारण नव्या बदलानंतर माणूस पहिल्यांदा चालतो तेव्हा आमच्या माणसानं मागं असायचं असतं.

त्यानं पाऊल आत टाकलं, मग दुसरं. चौकटीवरचा हात काढला.

आतल्या खोलीत सारिका बॅगेची चेन लावत होती. पोर तिच्या खांद्यावर जागी होती. नवऱ्याला आत आलेला बघून ती होती तिथंच थिजली.

"दे," तो म्हणाला.

"कशाला?" तिचा आवाज करवतीसारखा होता. "आता जाताना तोंड बगायचंय? पोरगी झाली मनून अंगणात ऱ्हायलात ना?"

"न्हाई गं." तो पुढं झाला. "मी तिच्यासंगट पडलो असतो. तू न्हानीत व्हतीस तवा. पायाची टाच... ह्या बाईंना विचार. मला वाटलं, माझं डोकं फिरलंय. तिला काई झालं असतं तर?"

सारिकानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"येवढंच व्हतं?" ती म्हणाली. मग तिचा सगळा राग एकदम उसळला. "येवढंच व्हतं तर सांगायचं न्हाई का? येडं का खुळं हो तुमी! रोज रात्री मी हितं रडायले आन् तुमी तिकडं बाजेवर!" बोलता बोलता तिनं पोर खांद्यावरून उतरवली आणि त्याच्या हातांवर ठेवली. पण आपले हात काढले नाहीत. त्याच्या हातांखाली तिचे हात, आणि वर ती चिमुरडी बापाच्या शर्टाचं बटण धरायला बघत होती.

त्याची टाच जमिनीला टेकलेली होती. मी तेवढंच बघत होते. बाकी काही दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते.

ओट्यावरून वडिलांची हाक आली. "सारे, आवर लवकर. जीपवाला खोळंबलाय."

"तेला जाऊ द्या, आबा," ती म्हणाली. "तुमी च्या घ्यायला आत या."

आणि तिनं आपले हात हळूच काढून घेतले.